कायम वास्तव्याचा अर्ज आणि जन्मगावाचा धडा



आम्ही पेशाने शिक्षक. निवृत्त होऊन काही वर्षे झाली तरी खडूची सवय जात नाही. गेल्या खेपेस लेकीकडे डब्लिनला राहून आलो, तेव्हा तिच्या घरात एकच विषय होता, तो म्हणजे ग्रीन कार्ड. आपल्या पुष्कळ घरांतील मुले, सुना व जावई आता अमेरिकेत नोकरीस आहेत. त्यांच्या उपयोगी पडावे म्हणून तेथे जे पाहिले व शिकलो ते येथे पाठाच्या रूपाने देत आहोत.

प्रथम डब्लिनविषयी. हे आयर्लंडचे डब्लिन नव्हे. कॅलिफोर्नियात अलामेडा काउंटीत, सॅन फ्रान्सिस्कोच्या पूर्वेस हे गाव आहे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास येथे आयरिश कुटुंबे येऊन शेतीवाडी करू लागली, त्यांच्यावरून हे नाव पडले. १९८२ साली गावाला स्वतःची नगरपालिका मिळाली आणि १९९७ साली बार्टची आगगाडी आली. आज तेथील वाण्याकडे कढीलिंबाची जुडी मिळते आणि शाळेच्या फाटकाशी मराठी ऐकू येते. बहुतेक घरांतून कोणी ना कोणी संगणकाच्या कंपनीत असतो.

आता मूळ विषय. आपण इस्राएलला आलो ते १९५० च्या परतीच्या कायद्याने. लोदच्या विमानतळावर उतरलो, मेजामागच्या बाईने चार प्रश्न विचारले, हातात ओलेचा दाखला दिला आणि आपण नागरिक झालो. विवाहाच्या प्रश्नावर आपल्या लोकांना रब्बीनेटशी भांडावे लागले आणि त्याचा शेवट १९६४ साली क्नेसेटच्या ठरावाने झाला. तरी राहण्याचा हक्क कोणी नाकारला नव्हता. म्हणून आपल्यापैकी पुष्कळांना परदेशी कामगार म्हणजे काय हे नीट उमगत नाही. आपल्याकडे म्हाताऱ्या माणसांची सेवा करावयास नेपाळहून वा फिलिपाइन्सहून जी बाई येते, तिला सर्वसाधारणपणे ६३ महिने मिळतात. त्या घरी तिची गरज असेल तर मुदत वाढते, पण त्यातून कायमचे राहणे निघत नाही. अमेरिकेत निदान दार आहे. मात्र त्या दारापाशी रांग आहे.

अर्जाची सुरुवात कामगार करीत नाही, मालक करतो, हे पहिले ध्यानात ठेवावे. मालकाला आधी मजूर खात्याकडे दाखवावे लागते की या जागेसाठी योग्य असा अमेरिकन माणूस मिळाला नाही. त्यासाठी जाहिराती द्याव्या लागतात, त्यांतल्या दोन रविवारच्या वर्तमानपत्रात, दोन वेगवेगळ्या रविवारी. २००५ सालापासून या पद्धतीला पर्म म्हणतात. हा खर्च मालकाचा, आणि २००७ पासून तो कामगाराकडून वसूल करण्यास बंदी आहे. कोणी पगारातून कापू लागला तर गप्प बसू नये. पर्म मंजूर झाल्यावर मालक आय-१४० नावाचा अर्ज करतो. पर्मचा अर्ज ज्या दिवशी दाखल झाला तो दिवस म्हणजे कामगाराची अग्रक्रम तारीख. रांगेतला नंबर म्हणा. ही तारीख कुंकवाच्या करंड्यासारखी जपावी.

तिसरा अर्ज आय-४८५. तो कामगार स्वतः करतो, आणि बायकामुलांचा प्रत्येकाचा वेगळा असतो. पण नंबर आल्याशिवाय तो स्वीकारीत नाहीत. नंबर कोठवर आला हे परराष्ट्र खाते दर महिन्याला व्हिसा बुलेटिन काढून सांगते.

आता रांगेचे गणित. नोकरीवरून मिळणारी कार्डे वर्षाला सुमारे १,४०,०००, आणि त्यांत कामगाराबरोबर त्याची बायकामुलेही मोजली जातात. १९९० च्या कायद्याप्रमाणे कोणत्याही एका देशाला साधारण ७ टक्क्यांहून अधिक वाटा नाही. भारतासारख्या देशालाही तेवढेच आणि आइसलँडलाही तेवढेच. परिणाम असा की २०२४ साली भारतात जन्मलेल्यांची तारीख दुसऱ्या व तिसऱ्या या दोन्ही वर्गांत २०१२ सालातच घोटाळत होती. बारा वर्षांची रांग! त्याच वर्षी दुसऱ्या वर्गात बहुतेक इतर देशांची तारीख २०२२ चा नोव्हेंबर ते २०२३ चा मार्च एवढ्यात फिरत होती, म्हणजे दीडेक वर्षाची वाट.

या रांगेने माणसांना काय काय करावयास लावले! २००७ च्या जुलैत बुलेटिनाने नोकरीच्या जवळजवळ सर्व वर्गांना दार उघडे असल्याचे सांगितले. लोक धावपळ करून वैद्यकीय तपासण्या उरकून बसले, तो २ जुलैला दार बंद. तेव्हा भारतीय मंडळींनी दगड उचलले नाहीत. आदल्या वर्षी आलेल्या 'लगे रहो मुन्नाभाई' चित्रपटातली गांधीगिरी आठवून त्यांनी खात्याच्या संचालकांना शेकडो पुष्पगुच्छ पाठविले. संचालकांनी ती फुले जखमी सैनिकांच्या रुग्णालयाकडे धाडली. १७ जुलैला खात्याने माघार घेतली आणि अर्जासाठी महिनाभर मुदत दिली. आम्हाला ही हकीकत जावयाने सांगितली तेव्हा आम्ही प्रथम थट्टाच समजलो होतो.

आता धड्याचा गाभा. रांगेत 'देश' म्हणजे नागरिकत्वाचा देश नव्हे, जन्माचा देश. तुमच्या खिशात इस्राएलचा पासपोर्ट असला आणि जन्म पनवेलचा असला, तर तुम्ही भारताच्या रांगेत. उलट, आईबाप पेण-अलिबागचे असले तरी अश्दोदला जन्मलेल्या मुलीला इस्राएलची रांग. आणि त्याहून महत्त्वाचे, नवराबायकोंपैकी एकाचा देश दुसऱ्याला लागू शकतो. अट एवढीच की दोघांनी बरोबरीने कायम रहिवासी व्हावे. मुलांना आईचा वा बापाचा देश लागतो. मुलाचा देश मात्र आईबापांना लागत नाही.

आमच्या जावईबापूंचा जन्म अलिबाग तालुक्यातला, १९८१ चा. आमची लेक अश्दोदची. लग्न झाल्यावर ती ठाण्यास नांदली, थोरला मुलगा तेथेच झाला. २०१४ साली मंडळी अमेरिकेस आली. जावयाची अग्रक्रम तारीख २०१७ ची. सहा वर्षांचा एच-१बी संपला तरी आय-१४० मंजूर असल्याने मुदत वाढत गेली, पण रांग हलेना. मुलाला २१ वर्षे झाली की तो आईबापांच्या अर्जातून गळतो. २००२ च्या एका कायद्याने वयातून थोडे दिवस वजा होतात, पण बारा वर्षांच्या रांगेपुढे ते थोडेच. पोरगा सारी शाळा तेथेच शिकला, आणि एकविसाव्या वर्षी त्याला परका विद्यार्थी व्हावे लागेल या काळजीने लेक वाळली होती.

२०२३ च्या उन्हाळ्यात आम्ही तेथे गेलो तेव्हा वेळ जावा म्हणून कागदांची फाईल वाचीत बसलो. आय-१४० च्या प्रतीत पत्नीचा जन्मदेश असे एक खण होते आणि त्यात इस्राएल लिहिलेले होते. आम्ही सहज विचारले, "जावईबापू, हे कशासाठी विचारतात?" ते म्हणाले, "पप्पा, असतात हो असले शंभर खण." दुसऱ्या दिवशी त्यांनी वकिलाला फोन केला. वकील क्षणभर गप्प झाला. कोणी विचारले नव्हते आणि यांनी सांगितले नव्हते. २०१७ चा नंबर इस्राएलच्या रांगेत केव्हाच येऊन गेला होता! वाचकहो, ज्या घरात नवरा भारतात जन्मलेला आणि बायको इस्राएलमध्ये, किंवा उलट, त्या घराने आज रात्रीच फाईल काढावी.

पुढे कागदांचा पेच. जन्माचा दाखला हवा. ग्रामपंचायतीच्या नोंदीत जावयाचा जन्म १२ सप्टेंबरचा, आणि नावाच्या जागी कोरे, नुसते 'मुलगा'. शाळेच्या दाखल्यात १ जून, आणि त्यावरून पासपोर्टातही १ जून. येथे आम्ही मान खाली घालतो. महाराष्ट्रातल्या अर्ध्या वर्गाचा वाढदिवस १ जूनला का येतो, हे कोणत्याही शिक्षकाला विचारा. पोर शाळेत घालावयास आणले, आईला तिथी आठवते पण तारीख नाही, वय तर बसले पाहिजे, मग गुरुजी जून लिहून मोकळे. तरुणपणी आमच्या हातूनही असे दोन-तीन प्रवेश झाले आहेत.

यावर उपाय आहे. आजच्या अर्जात पूर्वी वापरलेल्या इतर जन्मतारखाही विचारतात, त्या लिहाव्या, लपवू नयेत. मूळ दाखला नसेल वा अपुरा असेल तर शाळेची किंवा धर्मस्थळाची नोंद चालते. सुंतेची नोंद सिनेगॉगच्या वहीत असेल तर ती सोन्याच्या मोलाची. तीही नसेल तर जन्माची प्रत्यक्ष माहिती असलेल्या दोघांची प्रतिज्ञापत्रे लागतात. जावयाच्या मामांनी आणि शेजारच्या एका वृद्ध बाईंनी ती दिली. बाई म्हणाल्या, "गणपतीचे दिवस होते, मला चांगले आठवते." वकिलाने तेही इंग्रजीत घातले.

नावांचे असेच. आपल्यात आजोबा 'शमुएल मोशे' एवढेच लिहीत, मुलगा गावावरून पेणकर वा रोहेकर झाला, नातवाने इस्राएलमध्ये हिब्रू आडनाव घेतले. एकाच घराण्याचे तीन स्पेलिंग. अर्जात आजवर वापरलेली सारी नावे मागतात, ती द्यावीत, आणि प्रत्येक बदलाचा कागद मागे जोडावा.

स्वतः हजर राहण्याविषयी थोडे. १९४० साली अमेरिकेने परकीयांची नोंदणी सुरू केली तेव्हा प्रत्येकाने टपाल कचेरीत जाऊन बोटांचे ठसे द्यावयाचे होते. आज अर्ज टपालाने पाठवितात. १ एप्रिल २०२४ पासून मोठ्या माणसाची फी १,४४० डॉलर झाली आहे, आणि डॉक्टरी तपासणीचा कागद २ डिसेंबर २०२४ पासून अर्जासोबतच द्यावा लागतो. ठशांसाठी मात्र अजून जातीने जावे लागते. मुलाखत २०१७ च्या ऑक्टोबरात नोकरीवाल्यांना सक्तीची केली होती, ती सक्ती नंतर सैल झाली. कोणाला बोलवावयाचे ते आता अधिकारी ठरवितो. आमच्या मंडळींना बोलावणे आले.

सकाळी बार्टने सॅन फ्रान्सिस्कोस निघालो. आम्हाला आत प्रवेश नव्हता, म्हणून रस्त्यापलीकडे कॉफी घेऊन बसलो. आत काय झाले ते लेकीने सांगितले. प्रथम उजवा हात वर करून खरे बोलण्याची शपथ. मग अर्जातलेच प्रश्न पुन्हा. काम कोणते, पगार किती, तीच नोकरी अजून आहे काय. मालकाचे ताजे पत्र जवळ होते. मूळ दाखले एकेक करून पाहिले, ठाण्याच्या लग्नाची नोंद पाहिली. लेकीला विचारले, तुम्ही कधी सैन्यात होता काय, हत्यार चालविण्याचे शिक्षण घेतले काय. आपल्या कित्येक मुली येथे घाबरून 'नाही' म्हणतात. ती मोठी चूक. इस्राएलमधली सक्तीची सेवा अर्जात लिहावी, तुकडी व वर्षे द्यावीत, आणि विचारले तर 'होय' म्हणावे. खऱ्या उत्तराने काही बिघडत नाही, शपथेवर खोटे बोलल्याने सारे बिघडते. आठवत नसेल तर 'आठवत नाही' म्हणावे. विचारतील तेवढेच सांगावे. आपल्या माणसांना हे फार जड जाते, विचारले गाव तर सांगतात घराणे.

जावयाला तारखेविषयी विचारलेच. त्याने दोन्ही सांगितल्या आणि गुरुजींची गोष्टही. अधिकारी हसला म्हणतात, पण कागद मात्र पुन्हा वाचला.

पाच आठवड्यांनी टपालाने चार कार्डे आली. जावयाच्या कार्डावर १२ सप्टेंबर छापले आहे. पासपोर्टाच्या दुरुस्तीचा अर्ज नंतर गेला, आणि नातू विचारीत होता की बाबांचा १ जूनचा केक आता बंद काय.