रायटर मिळाला, पुढे?

दहावीच्या गणिताच्या पेपरला त्या मुलाला सगळं मंजूर होतं. तासभर जादा वेळ, लेखनिक, बसायला वेगळी खोली. तरी दुपारी दीडला बाकीची मुलं गेटबाहेर पडली तेव्हा त्याचा निम्मा पेपर व्हायचा होता आणि लेखनिक म्हणून बसवलेली नववीतली मुलगी रडकुंडीला आली होती. ती त्याला त्या सकाळी पहिल्यांदा भेटली होती. ‘रायटरची काळजी करू नका, आमच्याकडे आहेत,’ असं शाळा त्याच्या आईला डिसेंबरपासून सांगत होती. आम्ही तयार केलेल्या मुलीचं नाव यादीत चढलंच नाही.

मी भोपाळच्या महाराणा प्रताप नगरात (एमपी नगर), झोन-टूमध्ये, अध्ययन अक्षमता असलेल्या मुलांना शिकवते. खाली झेरॉक्सचं दुकान, वर नीट-जेईईचं कोचिंग, मधल्या मजल्यावर माझी एक खोली. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना टॉपरांच्या चेहऱ्यांचे बोर्ड, सकाळी पोहे-जलेबीच्या ठेल्यांभोवती पाठीवर बॅगा अडकवलेली पोरं. त्याच गर्दीतून माझ्याकडे येणाऱ्या कुणाला वाचताना अक्षरं लागत नाहीत, कुणाचं डोक्यातलं हातातून कागदावर उतरत नाही. त्यांत बरीच घरं मराठी, भोपाळात दोन-तीन पिढ्या मुरलेली. घरात मराठी, रस्त्यावर हिंदी, शाळेत इंग्रजी आणि वर सहावीपासून संस्कृत. डिस्लेक्सिया असलेल्या मुलाच्या वाट्याला ही चौथी भाषा आली की घरातल्या संध्याकाळी कशा जातात, ते त्या घरांनाच विचारावं.

पेपरात नेमकं काय झालं, ते त्याने मला संध्याकाळी सविस्तर सांगितलं. मुलगा डिस्ग्राफियाचा. तोंडी गणित पक्कं, लिहायला बसला की दोन ओळींत हात आखडतो. त्याने सांगितलं, ‘टू एक्स प्लस थ्री, होल स्क्वेअर.’ मुलीने वर्गाचा दोन फक्त तीनच्या डोक्यावर चढवला. पुढच्या ओळीत काही जुळेना. ‘असं नाही,’ तो म्हणाला. ‘तूच तर असं सांगितलंस,’ ती म्हणाली. मग आलं ‘एक्स प्लस वन बाय टू’. दोन सगळ्याच्या खाली की फक्त एकच्या खाली? त्याच्या मनात एक मांडणी, तिच्या कागदावर दुसरी. त्रिकोणमितीत तर कहर झाला. सीबीएसईत हा धडा दहावीत येतो. नववीतल्या मुलीने थीटा जन्मात कधी लिहिलेला नव्हता. ‘कॉस स्क्वेअर थीटा’ म्हटल्यावर दोन कॉसवर बसतो, थीटावर नाही, हे तिला कुठून कळावं?

मुलाने स्वतःचा लेखनिक आणला तर तो खालच्या इयत्तेतला हवा, हा नियम मला मान्य आहे. नाहीतर पेपर कोण सोडवतंय याचा भरवसा काय? पण लिहिणाऱ्याला चिन्हांची ओळख नसणार हे त्या नियमातच आलं. म्हणून पालकांना मी आता पहिल्याच भेटीत सांगते: परवानगी मिळाली म्हणजे काम निम्मं झालं. उरलेलं निम्मं सरावाचं, आणि तो सराव जोडीने करायचा असतो.

दहावीचं वर्ष लागलं की जुलैपासून माझ्याकडे जोडी बसते. एकाने सांगायचं, दुसऱ्याने लिहायचं, मी घड्याळ घेऊन बसते. पहिले काही आठवडे नुसती भांडणं होतात. मग बोलीभाषा ठरते. कंस बोलायचा: ‘कंस उघड’, ‘कंस बंद’. अपूर्णांकात ‘वर’ काय, ‘खाली’ काय, आणि ‘रेघ संपली’ म्हटल्याशिवाय पुढे जायचं नाही. घात सांगताना कशावर तो आधी सांगायचा. आकृती तळापासून: खाली आडवी रेघ, डावं टोक बी, उजवं सी, बी-वर उभी रेघ, तिच्या टोकाला ए. आणि सगळ्यांत कामाचा एक शब्द, ‘लिही’. अशा मुलांना मोठ्याने विचार करायची सवय असते. ‘नाही नाही, थांब, आधी चारने भागू’ हेसुद्धा इमानदार लेखनिक उत्तरपत्रिकेत उतरवून मोकळी होते. ‘लिही’ म्हटल्यावरच पेन चालवायचं. ओळ संपली की कागद वळवून दाखवायचा आणि मुलाने बोट ठेवून ती तपासायची. लेखनिकाला गणित शिकवायचं नाही, फक्त चिन्हं गिरवून घ्यायची: थीटा, वर्गमूळ, सिग्मा.

जादा तासाचंही तसंच. साडेदहाला सुरू झालेला पेपर अडीचला संपतो, त्याआधी पाव तास प्रश्नपत्रिका वाचायचा. घरी चाळीस मिनिटांत उठणारं मूल चार तास खुर्चीत बसेल कसं? दीडला बाहेर गलका होतो, दरवाजे आपटतात, आणि नेमकं तेव्हा याला एकाग्र व्हायचं असतं. म्हणून आठवड्यातून एक पेपर पूर्ण चार तासांचा, तोही दुपारच्या जेवणाची वेळ ओलांडणारा. सकाळी काय खाल्लं की अडीचपर्यंत निभतं, हे प्रत्येक घराला आपापलं शोधावं लागतं.

लेखनिक दोन तयार ठेवा. नववीच्या मुलीची स्वतःची वार्षिक परीक्षा त्याच सुमारास असते आणि तिच्या आईने ऐन वेळी नाही म्हटलं तर तिला दोष देता येत नाही. दोघांची नावं दिवाळीनंतर लगेच शाळेला लेखी द्या आणि अर्जाच्या प्रतीवर पोच घ्या. तोंडी ‘हो, हो’वर एक दिवसही विसंबू नका. केंद्र दुसऱ्या शाळेत असतं, तिथल्या पर्यवेक्षकांनी तुमच्या मुलाला पाहिलेलं नसतं. तेव्हा मंजुरीच्या कागदाची प्रत प्रवेशपत्रासोबत मुलाच्याच हाती असू द्या.

कुणी ‘सवलत देतो’ असं उपकाराच्या सुरात म्हणालं तर ऐकून घेऊ नका. २०१६ चा दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा १९ एप्रिल २०१७ पासून लागू आहे. त्यातल्या २१ प्रकारांत अध्ययन अक्षमता आहे आणि कलम १७ मध्ये जादा वेळ, लेखनिक, दुसऱ्या-तिसऱ्या भाषेतून सूट हे शब्दशः लिहिलेलं आहे. तासाला किमान २० मिनिटं हे माप केंद्राच्या २९ ऑगस्ट २०१८ च्या सूचनांतलं. प्रमाणपत्रावर ४० टक्क्यांहून कमी आकडा आला म्हणून हताश होऊन येणारे पालक बरेच. त्यांना मी विकास कुमार खटल्याबद्दल सांगते: सर्वोच्च न्यायालयाने ११ फेब्रुवारी २०२१ ला ठरवलं की लिहायला खरी अडचण असेल तर ४० टक्क्यांची अट लेखनिकाच्या आड येत नाही. त्यावरून १० ऑगस्ट २०२२ ला वेगळ्या सूचनाही निघाल्या.

कागदांत खरा घोटाळा होतो तो वयाचा. २०१८ च्या केंद्रीय सूचनांनुसार अध्ययन अक्षमतेचं प्रमाणपत्र आठव्या वर्षापासून मिळतं, चौदाव्या वर्षी पुन्हा तपासणी होते, अठराव्या वर्षी मिळतं ते कायमचं. २०२४ मध्ये या सूचनांत सुधारणा झाल्या, म्हणून चालू नियम मेडिकल बोर्डाकडे विचारूनच निघा. पण चौदावं वर्ष म्हणजे आठवी-नववी, म्हणजे बोर्डाच्या नोंदणीचा हंगाम. तिसरीत काढलेला कागद फायलीत जपून ठेवलेले आईबाप तेव्हा गाफील राहतात. तपासणी एका फेरीत उरकत नाही. आधी डोळे आणि कान, मग बुद्ध्यांक, मग निमहान्सची वाचन-लेखन-गणिताची चाचणी. भोपाळात पिपलानी-खजुरी कलां भागातलं सीआरसी हे दिव्यांगांसाठीचं सरकारी केंद्र आणि साकेत नगरचं एम्स या चौकशी करण्याच्या जागा. एमपी नगरात चकचकीत खासगी रिपोर्टही मिळतात. सही करणाऱ्याचा भारतीय पुनर्वास परिषदेचा नोंदणी क्रमांक आहे का, तेवढं पाहा. तसा रिपोर्ट मला शिकवायला उपयोगी पडतो. आरक्षणाला मात्र सरकारी प्रमाणपत्र लागतं.

(‘तारे जमीं पर’ २००७ चा, पण त्याची सावली अजून सरत नाही. एक आजोबा मला काळजीने म्हणाले होते, ‘आमचा तर चित्रंही काढत नाही हो!’)

पुण्या-मुंबईचे नातेवाईक फोनवर सल्ले देतात. महाराष्ट्राने १९९६ पासून दहावीला या मुलांना सवलती दिल्या, तिथे अनुभव मोठा आहे, हे खरं. पण बोर्डागणिक नियम वेगळे, आतेभावाची यादी इकडे चिकटवू नका. सीबीएसईत दहावीला दोनऐवजी एकच भाषा घेता येते आणि बाकीचे चार विषय निवडताना गणित किंवा विज्ञान सोडताही येतं. भाषा जरूर सोडा. गणिताचं मात्र घाईने ठरवू नका. आठवीतल्या रडारडीला कंटाळून ते सोडलेलं मूल अकरावीत कॉम्प्युटरकडे वळू पाहतं तेव्हा दार बंद असतं. शाळाच झेपत नसेल तर मुक्त विद्यालय, एनआयओएस, आहे: पाच वर्षांत नऊ संधी. त्याला कमी लेखणाऱ्यांनी आधी त्याची पुस्तकं उघडून पाहावीत.

आता कोचिंग, कारण इथे राहून त्याला टाळता येत नाही. केंद्राच्या जानेवारी २०२४ च्या सूचनांनुसार सोळा वर्षांखालच्या मुलाला प्रवेश देता येत नाही, इमारत दिव्यांगांना वापरता येण्याजोगी हवी, आणि मध्येच सोडलं तर उरलेल्या काळाची फी दहा दिवसांत परत मिळायला हवी. लिफ्ट नसलेल्या तिसऱ्या मजल्यावर वर्ग पाहिले की दुसऱ्या अटीचं काय होतं ते दिसतं. तरी फीची अट पावतीवर लिहून मागा, आणि वर्षाची फी एकदम भरू नका. दर आठवड्याच्या टेस्टला जादा वेळ मिळणार का, हे प्रवेशाआधीच विचारा. बहुतेक ठिकाणी पुढची बॅच दारात उभी असते, म्हणून उत्तर नाही येतं. मग तोच पेपर घरी, चार तासांचं घड्याळ लावून.

डिस्ग्राफिया असलेल्या मुलाला जेईई मेन संगणकावर असल्याने तुलनेने सोपी जाते. नीटला अजून पेनाने गोळे भरावे लागतात. अवनी प्रकाश हिच्याकडे डिस्ग्राफियाचं ४० टक्क्यांचं प्रमाणपत्र होतं, तरी २०२१ च्या नीटला केंद्रावर तिला जादा तास मिळाला नाही. प्रकरण मुंबई उच्च न्यायालयातून सर्वोच्च न्यायालयात गेलं. २३ नोव्हेंबर २०२१ च्या निकालात न्यायालयाने तिच्यावर अन्याय झाल्याचं मान्य केलं, केंद्रावरच्या लोकांना नियमित प्रशिक्षण द्या असं बजावलं, पण पुन्हा परीक्षा घ्यायला सांगितलं नाही. तेव्हा माहितीपत्रकातलं जादा वेळेचं पान छापून बरोबर न्या आणि पेपर हाती पडण्याआधी पर्यवेक्षकांना दाखवा. पेपर सुरू झाल्यावर वाद घालण्यात जातो तो मुलाचाच वेळ.

कायमचं प्रमाणपत्र मिळतं तो अठरावा वाढदिवस बहुतेकांचा बारावीच्या वर्षात किंवा त्याच्या आसपास येतो. जानेवारी-फेब्रुवारीत असेल तर बोर्ड, जेईई आणि मेडिकल बोर्ड एकाच वेळी अंगावर येतात, म्हणून मेडिकल बोर्डाच्या तारखेची चौकशी दिवाळीतच करा. त्याच सुमारास सहीही ठरवून घ्या. या मुलांची सही दर वेळी वेगळी उमटते आणि अर्जावरची हजेरीपटाशी जुळत नाही. पूर्ण नावाच्या लफ्फेदार सहीचा हट्ट बाबांनी सोडावा. आद्याक्षर आणि आडनावाची पहिली दोन अक्षरं, एवढी पुरते. ती रोज अभ्यास संपताना पाच वेळा करून घ्यायची.