बेलोऱ्याचे विमान

वऱ्हाडातील माणसाचा प्रवास पूर्वी फार सावकाश होत असे. मूर्तिजापूरहून एका अंगास यवतमाळकडे व दुसऱ्या अंगास अचलपूरकडे जाणाऱ्या अरुंद रुळांच्या आगगाडीला लोक लाडाने 'शकुंतला' म्हणत. चालत्या गाडीतून उतरावे, पाणी प्यावे आणि पुन्हा त्याच गाडीत चढावे, अशी तिची थट्टा केली जाई. थट्टेचा भाग सोडला, तरी त्यात एक सत्य होते. गाडी वाटेत बिघडली, तर उतारू खाली उतरत आणि एखाद्या बाभळीच्या सावलीत बसून राहत. पायांखाली जमीन होती.

विमानाखाली जमीन नसते. विमानप्रवासाचे नियम आगगाडीच्या नियमांहून इतके कडक का, ह्याचे मूळ कारण एवढेच आहे.

१६ एप्रिल २०२५ रोजी अमरावतीजवळच्या बेलोरा विमानतळाचे उद्घाटन मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांच्या हस्ते झाले आणि त्याच दिवशी मुंबईहून पहिले नियमित प्रवासी विमान तेथे उतरले. लहान शहरे विमानमार्गाने जोडावीत, ह्या हेतूने केंद्र सरकारने आखलेल्या 'उडान' योजनेतील ही सेवा होती. विमान 'एटीआर ७२' जातीचे, दोन पंख्यांचे व सुमारे सत्तर आसनांचे होते. त्याची लांबी सुमारे २७ मीटर आणि एका पंखाच्या टोकापासून दुसऱ्याच्या टोकापर्यंतचे अंतरही जवळजवळ तेवढेच. मुंबईस जावयास आगगाडीला जेथे सारी रात्र लागते, तेथे हे विमान दोन तासांच्या आत पोहोचते.

अकोल्याचा विमानतळ बेलोऱ्याहून पुष्कळ जुना आहे. शहराजवळ शिवणी येथे तो १९४३ साली, दुसऱ्या महायुद्धाच्या काळात बांधला गेला. तरीही बेलोऱ्यास विमान आले, तेव्हा अकोल्यास नियमित प्रवासी विमान नव्हते. अकोल्याच्या मुलांना ही गोष्ट साहजिकच खटकते. तिचे एक मोठे कारण धावपट्टीच्या लांबीत आहे. बेलोऱ्याची धावपट्टी १८५० मीटर लांब आहे. शिवणीची सुमारे १४०० मीटर. चारशे-साडेचारशे मीटरांचा हा फरक पायी चालणाऱ्यास पाच-सहा मिनिटांचा. विमानाला मात्र तो फार मोठा असतो, आणि वऱ्हाडच्या उन्हाळ्यात तर अधिकच.

विमान हवेवर तरते. पंखांना उचलून धरणारी हवा जितकी दाट, तितके ते लवकर उचलले जाते. तापलेली हवा पसरते व विरळ होते. वैशाखात अमरावती-अकोल्याचा पारा ४५ अंशांपर्यंत चढतो. अशा दुपारी पंखांना पुरेसा आधार मिळावा म्हणून विमानाला अधिक वेग घ्यावा लागतो. शिवाय विरळ हवेत इंजिनाचे बळही घटते. परिणामी थंडीतल्या सकाळी जितकी धाव पुरे होते, तितकी उन्हाळ्यातल्या दुपारी पुरत नाही. धावपट्टी तर ताणून लांब करता येत नाही. मग वैमानिकापुढे एकच मार्ग उरतो, तो म्हणजे विमानाचे वजन कमी ठेवणे.

विमानतळावर सामान तोलून घेणारा कर्मचारी दोन-चार किलोंसाठी अडून बसतो, तेव्हा प्रवाशांना तो कंजूष वाटतो. त्याच्या तराजूचा संबंध ह्या धावपट्टीशी आहे, हे त्यांच्या ध्यानी येत नाही. ८ जानेवारी २००३ रोजी अमेरिकेतील शार्लट येथून उडालेले एकोणीस आसनांचे एक लहान विमान क्षणार्धात कोसळले आणि त्यातील एकवीसही माणसे मृत्युमुखी पडली. चौकशीत दोन दोष आढळले. विमानाच्या शेपटीकडील एक नियंत्रक दोर दुरुस्तीच्या वेळी चुकीचा बसवला गेला होता, आणि विमानात ठरल्यापेक्षा अधिक वजन, तेही मागच्या बाजूस, भरले गेले होते. प्रवासी व सामान प्रत्यक्ष न तोलता जुन्या सरासरीवरून वजनाचा हिशेब केला होता. दरम्यानच्या काळात माणसे जाड झाली होती! लहान विमानात वजन किती आहे, ह्याइतकेच ते कोठे आहे, हेही महत्त्वाचे असते. म्हणून रिकामी खिडकी दिसली, की उठून तेथे जाऊन बसावे, ही एस. टी. तील सवय विमानात चालत नाही. सेविकेची परवानगी घ्यावी लागते.

वेळेच्या नियमाचेही बीज येथेच आहे. तिकिटावर छापलेली वेळ ही विमान जागचे हलण्याची वेळ असते, प्रवाशाने पोहोचण्याची नव्हे. सामान घेणारी खिडकी त्याच्या पाऊण तास ते एक तास अगोदर बंद होते, कारण त्यानंतर किती माणसे, किती पेट्या, किती इंधन, ह्याचा ताळा जुळवून तो कागद वैमानिकाच्या हाती द्यायचा असतो. अकोल्याहून निघणाऱ्याने बेलोऱ्याचे अंतर शंभर किलोमीटरांच्या घरात धरून चालावे. ह्याच अकोला-अमरावती मार्गावर जून २०२२ मध्ये ७५ किलोमीटर लांबीचे डांबरीकरण १०५ तास ३३ मिनिटांत पुरे करून जागतिक विक्रम झाला होता. रस्ता चांगला आहे. उशिराचे खापर त्याच्यावर फोडता येणार नाही.

सामानात काय असावे, ह्याविषयी वऱ्हाडी गृहिणीची आणि विमानतळावरील तपासनिसाची मते जुळणे कठीण. मुंबईच्या लेकीकडे जाणारी आई पिशवीत तिखट, लोणचे, खोबरे आठवणीने भरते. तिखटाची पूड जवळच्या पिशवीत नेता येत नाही, कारण ती कुणाच्याही डोळ्यांत फेकता येते. ती मोठ्या सामानात द्यावी लागते. सुके खोबरे तर धोकादायक मालाच्या आंतरराष्ट्रीय यादीत आहे. त्यात तेल भरपूर असते व साठा कोंदट जागी राहिल्यास ते आपोआप तापून पेट घेऊ शकते, हे ऐकून पुष्कळांना नवल वाटते. ह्याच्या नेमका उलट नियम मोबाइल भारणाऱ्या पॉवर बँकेचा. ती मोठ्या सामानात देण्यास मनाई आहे; जवळच बाळगावी लागते. तिच्यातील लिथियमची बॅटरी बिघडली, तर आपल्याच उष्णतेने ती भडकत जाते. डोळ्यांसमोर पेटली तर विझवता येईल. विमानाच्या पोटात, पेट्यांच्या ढिगाखाली पेटली तर कुणाला कळणारही नाही.

प्रत्येक अपघातात नियम तारतोच, असे नाही. १२ जून २०२५ रोजी अहमदाबादहून लंडनकडे निघालेले विमान उड्डाणानंतर लगेच कोसळले आणि त्यातील २४२ जणांपैकी एकच प्रवासी वाचला. तेथे प्रवाशांच्या हाती काही नव्हते. परंतु सर्वच अपघात असे नसतात. पुष्कळ वेळा विमान जमिनीवर येऊन थांबते, माणसे जिवंत असतात, आणि पुढची काही मिनिटे ती कशी वागतात, ह्यावर सर्व अवलंबून राहते.

जपानची राजधानी टोकिओ येथील हानेदा विमानतळावर २ जानेवारी २०२४ च्या संध्याकाळी असेच घडले. साप्पोरोहून आलेले प्रवासी विमान धावपट्टीवर टेकले, आणि त्याच क्षणी तेथे उभ्या असलेल्या तटरक्षक दलाच्या लहान विमानावर आदळले. ते लहान विमान आदल्या दिवशीच्या भूकंपातील पीडितांसाठी मदत घेऊन निघाले होते. त्यातील सहापैकी पाच जण मरण पावले. मोठे विमान पेटत घसरत जाऊन थांबले. आत ३६७ प्रवासी व १२ कर्मचारी होते. दिवे गेले, धूर भरू लागला, लहान मुले रडू लागली. सूचना देण्याची यंत्रणाही बंद पडली, तेव्हा कर्मचारी कर्णा घेऊन व नुसत्या आवाजाने ओरडून सांगू लागले. आठ दारांपैकी पाचांबाहेर आग किंवा धोका होता. ती दारे उघडली असती, तर ज्वाला आत शिरल्या असत्या. उरलेल्या तीन दारांतून सर्व माणसे घसरगुंडीवरून खाली उतरली. वैमानिक सर्वांच्या शेवटी उतरला. विमान टेकल्यापासून अठरा मिनिटांत ३७९ ही जण बाहेर होते. पुढे त्या विमानाचा कोळसा झाला.

ह्या लोकांनी एक गोष्ट केली नाही. डोक्यावरच्या फळीतून त्यांनी आपापले सामान काढले नाही. दार अरुंद असते. एकाने पेटी ओढली, की मागचे दहा जण अडतात, आणि पेटीच्या कोपऱ्याने घसरगुंडी फाटू शकते. निम्मी दारे बंद असूनही सर्व प्रवासी दीड मिनिटात बाहेर पडू शकतात, हे सिद्ध झाल्यावाचून मोठ्या विमानाला उडण्याची अनुमतीच मिळत नाही. आणि तो दीड मिनिट मोकळ्या हातांच्या माणसांसाठी मोजलेला असतो. उड्डाणाच्या व उतरण्याच्या वेळी खुर्ची सरळ ठेवावयास आणि पुढचा फळा मिटावयास सांगतात, तेही वाट मोकळी राहावी म्हणून. खिडकीची झडप उघडी ठेवतात, ती बाहेर आग कोणत्या बाजूस आहे हे दिसावे म्हणून.

काही सूचना तर माणसाच्या स्वभावाविरुद्ध वाटतात. मोठी विमाने तीस-पस्तीस हजार फुटांवरून जातात. तेथे श्वासापुरता प्राणवायू नसतो, म्हणून आत हवेचा दाब राखावा लागतो. २० सप्टेंबर २०१८ रोजी मुंबईहून जयपूरला निघालेल्या विमानात हा दाब राखणारी कळ चालू करावयाची राहून गेली. छतातून प्राणवायूचे मुखवटे खाली लोंबले. सुमारे तीस जणांच्या नाकाकानांतून रक्त आले. विमान मुंबईस सुखरूप परतले. अशा वेळी मुखवटा प्रथम स्वतःला लावावा, मग दुसऱ्याला, असे सांगतात. कोणती आई हे ऐकेल? पण पस्तीस हजार फुटांवर माणसाची शुद्ध अर्धा ते एक मिनिटच टिकते. मुलाच्या तोंडावर मुखवटा बसवता बसवता आईच बेशुद्ध पडली, तर दोघांनाही कोण सांभाळणार?

तरंगण्याचे जाकीट विमानाच्या आत फुगवू नये, ही सूचनाही अशीच उलटी भासते. २३ नोव्हेंबर १९९६ रोजी अपहरण झालेले इथिओपियाचे एक विमान इंधन संपून कोमोरो बेटांजवळ समुद्रात उतरले. पुष्कळांनी घाबरून जाकिटे आधीच फुगवली होती. पाणी आत शिरताच ती माणसे वर उचलली जाऊन छताला टेकली; दार तर पाण्याखाली होते. बुडी मारावी म्हटले, तरी जाकीट बुडू देईना.

बेलोऱ्याचे विमान एवढ्या उंचीवरून जात नाही. त्याचा त्रास वेगळा. वैशाखातली काळी जमीन तापली, की हवेचे लोट वर उठतात आणि लहान विमान बैलगाडीसारखे हिंदकळते. तेव्हा कमरेचा पट्टा सैल असलेला माणूस छतावर आदळू शकतो. १ मे २०२२ रोजी मुंबईहून दुर्गापूरला गेलेल्या, ह्याहून पुष्कळ मोठ्या विमानातही वादळी हवेमुळे अनेक जण जखमी झाले, व त्यांतील एक जण काही महिन्यांनी दगावला. तेव्हा पट्ट्याचा दिवा विझला, तरी बसल्या जागी पट्टा बांधलेलाच ठेवावा.

ह्या विमानात आणखी एक गोष्ट पाहून ठेवण्यासारखी आहे. प्रवासी त्यात मागच्या दाराने चढतात. पुढच्या बाजूस सामानाची खोली असते. साहजिकच पहिल्या रांगेतील मुलाला वाटते, की बाहेर पडावयाचे तर सारे विमान ओलांडून मागेच जावे लागेल. खरे पाहता संकटकाळी उघडण्याची दारे त्याच्या जवळच, पुढच्या बाजूस दोन्ही अंगांना असतात. आसनापुढच्या खिशातील चित्राच्या पत्रकावर ती दाखवलेली असतात. जाणते प्रवासी पट्टा बांधण्यापूर्वी आपले आसन आणि जवळचे दार ह्यांच्या मधल्या रांगा मोजून ठेवतात. धूर भरला की डोळ्यांना काही दिसत नाही. मग खुर्च्यांच्या पाठी हाताने चाचपडत, त्या एक, दोन, तीन अशा मोजतच दाराकडे जावे लागते.