साचेवाला आणि यंत्र

मुंबईतील लालबाग-परळचा परिसर ‘गिरणगाव’ या नावाने प्रसिद्ध आहे. १८५६ साली मुंबईची पहिली कापडगिरणी ताडदेव येथे सुरू झाली. पुढे या परिसरातही गिरण्यांची धुरांडी उभी राहिली. कोकणातून व घाटावरून आलेले हजारो कामगार भोंगा होताच कामावर हजर होत.

गिरणीत मागाला ‘साचा’ व तो चालवणाऱ्यास ‘साचेवाला’ म्हणत. धोट्यातील कांडीवरचे सूत संपले, की साचा थांबवून नवी कांडी घालावी लागे. ताण्याचा धागा तुटला, की तो तत्काळ सांधावा लागे. त्यासाठी तीक्ष्ण नजर, चपळ बोटे आणि अखंड सावधपणा हवा असे. परंतु एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेत स्वयंचलित माग निघाला. तो आपली कांडी आपणच बदली व ताण्याचा धागा तुटताच आपण होऊन थांबे. साहजिकच एक मनुष्य अनेक माग सांभाळू लागला.

मुंबईत १९२८ साली एका साचेवाल्याने दोनांऐवजी तीन साचे चालवावेत, अशी योजना पुढे आली. आपल्यापैकी अनेकांची भाकरी जाईल, या भीतीने कामगारांनी सुमारे सहा महिने संप केला. ते आळशी नव्हते. कष्टाळू मनुष्याचे कामही जाऊ शकते, हे त्यांनी ओळखले होते.

मग यंत्राला कोणते काम सहज साधते? जे प्रत्येक वेळी एकाच रीतीने करावयाचे असते, ते. अमेरिकेत १९६० साली लक्षावधी विद्यार्थ्यांच्या बुद्धीची, स्वभावाची व आवडींची नोंद घेण्यात आली होती. पुढे त्यांचे व्यवसाय पाहता असे आढळले, की कला व विज्ञान यांची गोडी असणारी, मनमिळाऊ आणि प्रौढ वृत्तीची माणसे संगणकाला करता येण्याजोग्या कामांत तुलनेने कमी होती. अर्थात ही पुष्कळ माणसांची सरासरी आहे, कोणा एकाचे भविष्य नव्हे.

लालबागच्या बहुतेक गिरण्या आज बंद आहेत. जिज्ञासा व सहकार्य हे गुण प्रत्येकाने अवश्य जोपासावेत; परंतु ज्याचे काम यंत्राने घेतले, त्याला नवे काम शिकण्याची संधी देणे हे समाजाचे कर्तव्य होय. यंत्र माणसासाठी आहे, माणूस यंत्रासाठी नाही.

प्रश्न
१. साचेवाल्याच्या अंगी कोणते गुण आवश्यक असत?
२. १९२८ साली कामगारांनी संप का केला?
३. तुमच्या परिसरातील कोणते काम यंत्राला करता येणार नाही? कारण लिहा.