काम, मोबदला आणि भक्ती : मंगळवेढ्याची तीन उदाहरणे

‘कामातच देव आहे’ हे वाक्य आपण शाळेच्या भिंतीवर वाचले, निबंधात लिहिले आणि त्याबद्दल गुणही मिळविले. गेल्या उन्हाळ्याच्या सुटीत एका दुकानात हिशेब लिहिण्याच्या कामावर असताना मात्र ते निराळ्याच प्रसंगी ऐकावे लागले. दोन रविवार जादा काम केले होते. त्याचे पैसे मागितले तेव्हा मालक अगदी प्रेमाने म्हणाले, “अरे, काम म्हणजे पूजा. पूजेचे कुणी पैसे मागतं का?” त्या वेळी उत्तर सुचले नाही. प्रस्तुत लेख म्हणजे ते उत्तर शोधण्याचा प्रयत्न होय.

त्यासाठी फार दूर जाण्याचे कारण नाही. सोलापूर जिल्ह्यातील मंगळवेढे जसे ज्वारीसाठी प्रसिद्ध आहे, तसे ते संतांचे गाव म्हणूनही ओळखले जाते. या एका गावाशी जोडलेली तीन चरित्रे आपल्या प्रश्नाच्या तीन बाजू दाखवितात.

पहिले बसवेश्वर. बाराव्या शतकात मंगळवेढे हे कलचुरी राजांचे ठाणे होते. तेथे बिज्जलाच्या पदरी बसवेश्वरांनी हिशेबाच्या कामापासून सुरुवात केली आणि पुढे कल्याणला ते भांडारी झाले, अशी परंपरा आहे. म्हणजे हा थोर पुरुष मुळात पगारी कारकून! (वाणिज्य शाखेच्या मित्रांनी याची नोंद घ्यावी.) त्यांच्या शरण मंडळींनी ‘कायक’ हा शब्द रूढ केला. चांभार, विणकर, नावाडी, धोबी, कोणाचाही प्रामाणिक व्यवसाय म्हणजे कायक, आणि तीच शिवाची पूजा. पण कायकाला मापाची अट होती. सांडलेले तांदूळ वेचून उदरनिर्वाह करणाऱ्या मारय्याने एके दिवशी नेहमीपेक्षा जास्त तांदूळ घरी आणले, तेव्हा त्याची पत्नी लक्कम्मा हिने ते परत करावयास लावले. तिच्या दृष्टीने गरजेपेक्षा अधिक आणलेले मूठभर धान्यही पूजा बाटवणारे होते. मला वाटते, हाच न्याय उलटाही लावला पाहिजे. श्रमापेक्षा जास्त घेणे जर कायकात बसत नसेल, तर दुसऱ्याला श्रमापेक्षा कमी देणे तरी कसे बसावे?

दुसरे दामाजीपंत. बहामनी राजवटीतील मंगळवेढ्याचे हे अंमलदार. दुष्काळात त्यांनी सरकारी कोठारे भुकेलेल्यांना खुली केली. बेदरहून पकडण्याचा हुकूम सुटला तेव्हा विठ्ठलाने विठू महाराचे रूप घेऊन धान्याची रक्कम दरबारात भरली, ही कथा सर्वश्रुत आहे. कीर्तनकार चमत्कारावर भर देतात. माझे लक्ष मात्र एका लहानशा तपशिलाकडे गेले. विठू महार पैसे भरून नुसता परतत नाही, तो रीतसर पावती घेतो. धान्य दुसऱ्याचे होते, ही गोष्ट कथा विसरत नाही. दया श्रेष्ठ खरी, तथापि तिच्यामुळे वहीतला आकडा पुसला जात नाही; तो कोणीतरी भरावाच लागतो.

तिसरे चोखोबा, आणि येथे थांबून विचार केला पाहिजे. दामाजीपंतांच्या आधीच्या काळात, शके १२६० म्हणजे इ. स. १३३८ मध्ये, मंगळवेढ्याच्या गावकुसाचे बांधकाम चालू असता ते कोसळले आणि त्याखाली चोखोबा गाडले गेले. नामदेवांनी त्यांच्या अस्थी शोधून पंढरपूरला महाद्वारासमोर समाधी बांधली. अस्थींतून विठ्ठलनाम ऐकू येत होते, असे परंपरा सांगते. ही कथा ऐकताना आपण गहिवरतो आणि एक प्रश्न विचारायचे विसरतो. त्या भिंतीवर चोखोबा स्वेच्छेने गेले होते काय? गावकीचे काम महाराने करावयाचे, हा दंडक होता. ज्या गावाचे कूस बांधायचे, त्या गावात राहण्याचा अधिकार मात्र बांधणाऱ्याला नव्हता. चोखोबांची भक्ती त्या कामातही टिकली, हा त्यांचा मोठेपणा. पण त्यामुळे काम देणाऱ्यांचे वर्तन पवित्र ठरत नाही. त्यांचा मुलगा कर्ममेळा तर आपल्या अभंगांत देवालाच या हीनपणाबद्दल जाब विचारतो.

ही वेठ फार जुनी गोष्ट नव्हे. महार वतनात सरकारी टपाल वाहण्यापासून अंमलदारांच्या दिमतीपर्यंत कामे वेळी-अवेळी करावी लागत. मोबदला म्हणजे थोडी इनाम जमीन आणि बलुते. यालाच ‘मान’ म्हणत. डॉ. आंबेडकरांनी १९२८ मध्ये मुंबई कायदे मंडळात या वतनाविरुद्ध विधेयक मांडले. ते संमत झाले नाही. ही वतने १९५८ च्या कायद्याने रद्द झाली. त्याच बाबासाहेबांनी १९४८ मधील अस्पृश्यांविषयीचा आपला ग्रंथ ज्या तीन संतांना अर्पण केला, त्यांत चोखामेळा आहेत. संताला वंदन आणि वेठीला विरोध, या दोन गोष्टी त्यांना परस्परविरोधी वाटल्या नाहीत.

तेव्हा कामाला पूजा म्हणण्याचा हक्क काम करणाराचा आहे, करवून घेणाराचा नव्हे, असे मला वाटते. आपल्यापैकी बहुतेकजण उद्या कारकून किंवा शिक्षक होणार आहोत. काहीजण ‘कमवा व शिका’ योजनेत आजच राबत आहेत. त्यांनी याचा विचार करावा.

दुकानातील नोकरी मी सुटी संपेपर्यंत केली. खतावणीत एकही खाडाखोड राहू दिली नाही, आणि ती शेवटची बेरीज जुळली तेव्हा झालेला आनंद पगारात मोजता येण्यासारखा नव्हता. निघताना मालकांकडे दोन रविवारांचे पैसे पुन्हा मागितले. एका रविवारचे मिळाले.