नवा संच आणि सरावलेला हात

चंडीगडच्या सेक्टर २२ मध्ये भ्रमणध्वनी संचांची, म्हणजे आपण बोलताना ज्यांना मोबाइल म्हणतो त्यांची, दुकाने दाटीने उभी आहेत. नवा संच घेणारे, जुना विकणारे आणि फुटलेला पडदा बदलून घेणारे असे तीन प्रकारचे लोक तेथे दिवसभर ये-जा करीत असतात. त्यांतील पहिल्या प्रकारच्या माणसाकडे जरा निरखून पाहावे. खोक्यातून संच निघताच तो त्याचे वजन तळहातावर तोलतो, पाठीवरून अंगठा फिरवतो, पडद्याची झळाळी पाहतो आणि पाच-दहा मिनिटांतच अभिप्राय देऊन मोकळा होतो. ‘छान आहे’, नाहीतर ‘जुनाच बरा होता’. एवढ्या थोड्या वेळात बनलेले हे मत कशावर उभे असते आणि त्यातले किती टिकते, याचा विचार या पाठात करावयाचा आहे.

चंडीगड हे मराठी मुलखापासून फार दूरचे शहर. तरीही मराठी कुटुंबे तेथे आहेत. शहरालगत चंडीमंदिर येथे भारतीय भूसेनेच्या पश्चिम कमांडचे मुख्यालय आहे, शहरात हवाई दलाचा तळ आहे आणि केंद्र सरकारची अनेक कार्यालये आहेत. बदलीची नोकरी माणसाला कोठेही नेते. सातारा जिल्ह्यातील अपशिंगे या गावाच्या नावापुढे लोक ‘मिलिटरी’ हा शब्द जोडतात, इतकी तेथे पिढ्यान्‌पिढ्या सैन्यात जाण्याची रीत आहे. अशाच एखाद्या गावातून आलेल्या आणि चंडीमंदिरात नेमणूक असलेल्या एका सुभेदारांची आपण उदाहरणादाखल कल्पना करू. त्यांच्याजवळ कित्येक वर्षे कळांचा साधा संच होता. मुलाच्या आग्रहाखातर त्यांनी स्पर्शपडद्याचा नवा संच घेतला. पहिल्या संध्याकाळी त्यांनी पडद्याच्या उजेडाचे कौतुक केले आणि कळा नाहीत म्हणून कुरकुर केली.

हाताचा दोष, की यंत्राचा?

सुभेदारांची कुरकुर समजण्यासारखी आहे. जुन्या संचावर ते पडद्याकडे न पाहता नंबर फिरवीत. पाच या आकड्याच्या कळेवर एक बारीक उंचवटा असे. तो अंगठ्याला लागला की बाकीच्या कळा आपोआप सापडत. नव्या संचाची काच मात्र सर्वत्र सारखीच गुळगुळीत. अंगठ्याजवळ खूणच उरली नाही. ‘हा संच अवघड आहे’ असे ते म्हणाले, तेव्हा वस्तुतः ते आपल्या अंगठ्याविषयी बोलत होते.

यंत्र बदलले की हाताची अशी फजिती होते, हे टंकलेखकांना फार पूर्वीपासून ठाऊक आहे. अमेरिकेत रेमिंग्टन कंपनीने १८७४ च्या सुमारास विक्रीस आणलेल्या टंकलेखनयंत्रावरील इंग्रजी अक्षरांची मांडणी थोड्याफार फरकाने आजच्या संगणकावरही आहे. ती सर्वांत सोयीची म्हणून टिकली असे नाही. एकदा लाखो हात तिला सरावले, मग तिला हलवणे कठीण झाले. मराठीतही तसेच घडले. मुंबईच्या गोदरेज अँड बॉइस कंपनीने १९५५ मध्ये भारतीय बनावटीचे टंकलेखनयंत्र आणले आणि पुढे अर्धशतकाहून अधिक काळ ती यंत्रे बनत राहिली. दरम्यान संगणक आले. भारतीय भाषांसाठी १९८६ मध्ये ‘इनस्क्रिप्ट’ नावाचा समान कळफलक ठरविण्यात आला. त्यात स्वर डाव्या हाताला आणि व्यंजने उजव्या हाताला आहेत. नव्याने शिकणाऱ्यास तो सोपा. परंतु महाराष्ट्रात लिपिक-टंकलेखक पदासाठी मिनिटाला ३० मराठी शब्दांची गती मागतात. ती गती जुन्या यंत्रावर कमावलेल्या माणसाला इनस्क्रिप्टवर पहिल्या दिवशी एक ओळ पुरी करणे जड जाई. त्याने त्या दिवशी कळफलकाला नावे ठेवली, तर त्याचा राग खरा आणि निर्णय मात्र उतावळा. म्हणून तर संगणकांतही जुनी टंकलेखनयंत्राची मांडणी ठेवावी लागली.

पण पहिली तक्रार म्हणजे केवळ सवयीचा हट्ट, असेही समजू नये. जानेवारीत चंडीगडला दाट धुके पडते आणि पहाटेचे तापमान कित्येकदा पाच अंशांच्या खाली उतरते. अशा पहाटे लोकरी हातमोजे घातलेल्या सुभेदारांनी नव्या पडद्यावर बोट टेकवले आणि संच ढिम्म राहिला. हा दोष हाताचा नव्हे. अशा पडद्याच्या काचेखाली विद्युतभाराचे सूक्ष्म जाळे असते. आपले शरीर विजेचे वाहक असल्यामुळे बोट टेकताच त्या ठिकाणचा भार किंचित बदलतो आणि संचाला स्पर्श कळतो. लोकर विजेची वाहक नाही, म्हणून हातमोज्यातले बोट संचाच्या लेखी नसल्यासारखेच. पडद्यावर पाण्याचे थेंब असले, तर उलट नको तेथे स्पर्श झाल्याचा भास त्याला होतो. जुन्या कळा दाबल्या जात. त्यांना हातमोज्याशी काही कर्तव्य नव्हते. ही तक्रार तीन आठवड्यांनी काय, तीन वर्षांनीही तशीच राहील.

पहिल्या दिवसाच्या तक्रारी अशा दोन जातींच्या असतात. काही आपल्याकडून आलेल्या, सरावाने विरून जाणाऱ्या; काही वस्तूच्या घडणीतून आलेल्या, कायम राहणाऱ्या. पहिल्या दिवशी दोन्ही सारख्याच टोचतात, हीच खरी अडचण आहे. कौतुकाचेही तसेच. दुकानातील दिव्यांत जो पडदा डोळे दिपवतो, तोच मे महिन्याच्या दुपारी उन्हात धरला तर त्यावर स्वतःचा चेहरा तेवढा दिसण्याचा संभव असतो.

पुढे वाचण्यापूर्वी थांबा आणि आठवा: तुम्ही अलीकडे घेतलेल्या एखाद्या यंत्राबद्दल, मग तो मोबाइल असो, मिक्सर असो वा शिलाई यंत्र, पहिल्या दिवशी काय म्हटले होते? आज त्यातले किती खरे वाटते?

अक्षरांची परीक्षा

सुभेदारांच्या घरी खरी महत्त्वाची गोष्ट त्या रात्री घडली. गावाहून आईचा निरोप आला. तो नातीने लिहून पाठवला होता, देवनागरीत: ‘पाऊस झाला. पेरणी आटोपली. तू कधी येतोस?’ जुन्या संचावर असा मजकूर आला, की अक्षरांच्या जागी नुसते रिकामे चौकोन उमटत. म्हणून नात आजीचे मराठी बोलणे रोमन लिपीत लिहून धाडीत असे आणि वाचणाऱ्याने ‘बाळ’, ‘बळ’ की ‘बाल’, हे अंदाजाने ठरवायचे. नव्या संचावर प्रथमच आईचे शब्द आईच्या भाषेच्या लिपीत दिसले. दुकानातील दहा मिनिटांच्या परीक्षेत हा प्रश्न सुभेदारांच्या मनातही आला नव्हता.

देवनागरी एवढी दुर्लभ का होती? कारण तांत्रिक आहे, पण समजण्यास कठीण नाही. साध्या लघुसंदेशात माहितीसाठी १४० बाइट, म्हणजे एक ठरावीक आकाराची पेटी असते. रोमन अक्षरे थोड्या जागेत मावतात, म्हणून त्या पेटीत १६० अक्षरे बसतात. देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला दोन बाइट लागतात. त्यामुळे तीच पेटी ७० चिन्हांत भरते. त्यातही काना, वेलांटी, उकार आणि जोडाक्षरातील हलन्त ही सगळी वेगळी चिन्हे मोजली जातात. ‘मुख्यालय’ हा शब्द आपल्या डोळ्यांना चार अक्षरांचा. यंत्राच्या हिशेबी तो आठ चिन्हांचा होतो. त्यातून ती अक्षरे रेखाटण्याची सोय संचात असावी लागते आणि स्वस्त संचांत ती पुष्कळदा नसे. अखेर भारतात विकल्या जाणाऱ्या संचांवर अधिकृत भारतीय भाषांतील मजकूर वाचता आलाच पाहिजे, असा नियम २०१६ मध्ये करण्यात आला.

मराठी दिसते एवढ्यावर मराठी माणसाने समाधान मानू नये. नव्या संचावर दोन-तीन शब्द लिहून पाहावेत. ‘आचार्यास’ आणि ‘आचाऱ्यास’ हे त्यांतले एक जोडपे. पहिल्यात गुरू आहेत, दुसऱ्यात स्वयंपाकी. दोहोंत फरक करणारा तो आडवा रफार ज्या संचावर लिहिता येत नाही, त्यावर गुरूला स्वयंपाकघरात धाडण्याचा प्रसंग ओढवतो. ‘ॲ’ हे अक्षर जागतिक संकेतावलीत, म्हणजे युनिकोडमध्ये, २००८ मध्ये स्वतंत्रपणे समाविष्ट झाले. फार जुन्या प्रणालीत ते फुटून दिसते. आणखी एक बारकावा आहे. कित्येक संचांत ‘ल’ आणि ‘श’ ही अक्षरे हिंदी वळणाची असतात. महाराष्ट्र शासनाने २००९ मध्ये पाकळीचा ‘ल’ आणि देठाचा ‘श’ ही मराठी वळणे प्रमाण ठरविली आहेत. वाचताना अर्थाला काही बाधा येत नाही, हे खरे. तरी मराठी वाचकाला ते पान परक्याने लिहिल्यासारखे वाटते, आणि ते वाटणे केवळ लाड म्हणून उडवून लावण्याजोगे नाही.

जे हाताला आणि डोळ्याला कळत नाही

यंत्राचा बराचसा भाग पहिल्या भेटीत बोलतच नाही. विद्युतघट, म्हणजे बॅटरी, नवी असताना उत्तमच वागते. लिथियमच्या बॅटरीची धारणशक्ती प्रत्येक भरणीगणिक अगदी किंचित घटत जाते आणि सामान्यतः काही शे पूर्ण भरण्यांनंतर ती घट जाणवू लागते. खोक्यावर ६४ गीगाबाइट साठवण लिहिलेली असते. त्यातला मोठा भाग संचाच्या स्वतःच्या प्रणालीने आधीच व्यापलेला असतो. कंपनी सुरक्षेच्या सुधारणा किती वर्षे पुरविणार, हे तर संच कितीही उलटासुलटा करून पाहिला तरी दिसणार नाही. ते विचारावे लागते.

आत दडलेल्या भागांविषयी बोलायचे, तर चंडीगडच्या शेजारचीच एक हकिकत सांगण्याजोगी आहे. संगणकीय चिप भारतात बनविण्यासाठी केंद्र सरकारने १९७६ मध्ये सेमीकंडक्टर कॉम्प्लेक्स या उपक्रमाला मंजुरी दिली आणि तो मोहालीत उभा राहिला. १९८४ मध्ये तेथे उत्पादन सुरू झाले. १९८९ मध्ये मोठी आग लागली आणि कारखान्याची अतोनात हानी झाली. तो पुन्हा उभा करण्यात कित्येक वर्षे गेली आणि त्या वर्षांत जग पुढे निघून गेले. पुढे ही संस्था अवकाश विभागाकडे आली आणि तिने अंतराळयानांसाठी चिप बनविल्या. तेथील तंत्र १८० नॅनोमीटरचे आहे. नॅनोमीटर म्हणजे मीटरचा अब्जावा भाग. अलीकडच्या महागड्या मोबाइलमधील चिप ५ नॅनोमीटर किंवा त्याहून सूक्ष्म म्हटल्या जाणाऱ्या तंत्राने परदेशात बनते. सेक्टर २२ मधल्या ग्राहकाच्या तळहातावर ही सारी तफावत असते आणि तो मात्र संचाच्या रंगाविषयी बोलत असतो.

यावर एक साधा उपाय आहे. पहिल्याच दिवशी कागद घ्यावा आणि नव्या संचाविषयी जे जे वाटले ते तारखेसह लिहून ठेवावे. तीन आठवडे तो कागद बघू नये. मग काढून, जे आता खरे वाटत नाही त्यावर रेघ मारावी. आपल्या सुभेदारांच्या कागदावर सात ओळी होत्या असे समजू. ‘कळा नाहीत’, ‘फार मोठा आहे’, ‘खिशात टोचतो’, ‘पडदा फार सुंदर’ आणि ‘फार घसरतो’ या पाच ओळी गेल्या. पडदा सुंदरच होता, पण त्याचे सुंदर असणे आता लक्षातही येत नव्हते. हातमोज्याची तक्रार राहिली. सातवी ओळ ‘आईचा निरोप वाचता आला’ ही होती. तिच्यावर रेघ मारण्याचा प्रश्नच नव्हता.

जुन्या संचाचे काय?

तीन आठवडे थांबण्याचा आणखी एक लाभ आहे. ‘जुना द्या, नवा घ्या’ अशी योजना दुकानात असते आणि नव्याच्या आनंदात माणूस जुना संच तेथेच देऊन टाकतो. आपले सर्व काही सिम कार्डात आहे, अशी पुष्कळांची समजूत असते. वस्तुतः सिम कार्डात नावे आणि क्रमांक तेवढे, आणि तेही थोडेच मावतात. छायाचित्रे, ध्वनिमुद्रणे व इतर मजकूर संचाच्या स्मृतीत किंवा वेगळ्या स्मृतिपत्रात असतो. तो उतरवून घ्यावा, मग संच पूर्ण कोरा करावा आणि त्यानंतरच दुसऱ्याच्या हाती द्यावा. वापरलेला संच विकत घेणाऱ्यानेही त्याचा पंधरा आकडी ओळख क्रमांक तपासावा. केंद्र सरकारच्या ‘संचार साथी’ या सेवेवर २०२३ पासून तशी सोय आहे. बिघडलेला संच आणि त्याची बॅटरी घरच्या केराच्या टोपलीत टाकू नये. त्यात विषारी धातू असतात, तसेच पुन्हा वापरता येण्याजोगे तांबे आणि थोडे सोनेही असते. असा कचरा गोळा करून मार्गी लावण्याची जबाबदारी कायद्याने उत्पादकांवर आहे.

टाकाऊ वस्तूंचा विषय निघाला, की चंडीगडमध्ये नेकचंद यांचे नाव निघणारच. सार्वजनिक बांधकाम खात्यात नोकरीस असलेल्या या गृहस्थांनी फुटक्या बांगड्या, तुटलेल्या फरशा आणि विजेचे निकामी सामान गोळा करून अनेक वर्षे गुपचूप एक उद्यान रचले. ते रॉक गार्डन १९७६ मध्ये लोकांना खुले झाले. मोहालीच्या चिप-उपक्रमाला मंजुरी मिळाली ते हेच वर्ष.

सुभेदारांनीही जुन्या संचाची किंमत दुकानदाराला विचारून ठेवली होती. तिसऱ्या आठवड्यात मुलाने त्या संचातील नावे उतरवून घेतली, तेव्हा त्यात साडेचार मिनिटांचे एक ध्वनिमुद्रण सापडले. चार वर्षांपूर्वीच्या सुट्टीत ओसरीवर बसून वडील हरिपाठ म्हणत होते, ते. वडील आता नव्हते. मुलाने ते नव्या संचात घेतले आणि त्याची एक प्रत गावी आजीकडे पाठविली. जुना संच मग विकला गेला नाही.