पीडीएफवरचा शिक्का नेमका कुठे बसतो?

समजा, पुण्यातल्या फ्लॅटच्या मुखत्यारपत्राचा मसुदा वकिलांनी ईमेलने पाठवला. तुम्ही न्यू जर्सीत बसून वाचलात, हिरवा ‘अप्रूव्ह्ड’ शिक्का मारलात, ई-आधार त्याच फाईलला जोडलंत आणि परत पाठवलंत. वकिलांनी प्रिंट काढली. शिक्का नाही, आधारही नाही! कोणी काही खोडलेलं नाही. मग झालं काय?

कागदावर शिक्क्याची शाई तंतूंत मुरते. पीडीएफमध्ये पानाचा मजकूर म्हणजे ‘इथे हे अक्षर काढ’ अशा सूचनांची एक यादी असते. शिक्का त्या यादीत जात नाही. तो स्वतंत्र वस्तू म्हणून पानाला टाचला जातो, आपण चिकटवतो त्या पिवळ्या चिठ्ठीसारखा. त्याची जागा इंचाच्या ७२व्या भागात, पानाच्या खालच्या डाव्या कोपऱ्यापासून मोजलेली असते. पीडीएफच्या मानकात शिक्क्यांची १४ नावं ठरलेली आहेत. त्यांत ‘सोल्ड’ आहे आणि ‘टॉप सीक्रेट’सुद्धा, म्हणजे किराणामालाच्या यादीवरही मारायला हरकत नाही. चिठ्ठी दाखवायची की नाही, छापायची की नाही, हे वाचणारं सॉफ्टवेअर ठरवतं. ॲक्रोबॅटच्या प्रिंट खिडकीत ‘फक्त दस्तऐवज’ आणि ‘दस्तऐवज व शिक्के’ असे वेगळे पर्यायच आहेत.

वर काही ठेवलं म्हणून खालचं बदलत नाही, याचा महागडा धडा जानेवारी २०१९ मध्ये वॉशिंग्टनला मिळाला. पॉल मॅनाफोर्ट यांच्या वकिलांनी न्यायालयात दिलेल्या पीडीएफमध्ये गोपनीय ओळींवर काळे पट्टे होते. पत्रकारांनी त्या ओळी निवडून दुसरीकडे पेस्ट केल्या आणि सगळं वाचता आलं.

जोडलेल्या फाईलचं आणखी वेगळं. ती पीडीएफच्या पोटात जशीच्या तशी, बहुधा दाबून लहान केलेली, बसते. पानावर दिसली तर फक्त टाचणीचं चित्र दिसतं. प्रिंटरला तिचा पत्ताच नसतो. फोनवरची अनेक ॲप्सही ती दाखवत नाहीत. दीर्घकाळ जतन करायच्या पीडीएफचं २००५ चं मानक अशा जोडण्यांना मनाईच करत होतं. २०१२ च्या तिसऱ्या भागाने कुठलीही फाईल जोडायची मुभा दिली.

खरी जोखीम डिजिटल स्वाक्षरीची आहे. ई-आधारवर ती असते. भारतातली मूळ प्रमाणपत्रं तुमच्या सॉफ्टवेअरच्या विश्वासू यादीत नसली की तिच्यावर प्रश्नचिन्ह दिसतं. त्याचा अर्थ आधार खोटं असा नव्हे. स्वाक्षरी करताना फाईलमधल्या बाइट्सचा गणिती ठसा काढला जातो. एक अक्षर बदललं तरी ठसा जुळत नाही. नंतर मारलेला शिक्का साधारणतः फाईलच्या शेपटाला जोडला जातो, त्यामुळे सही केलेले जुने बाइट्स शाबूत राहतात आणि सॉफ्टवेअर सांगू शकतं, की सहीनंतर भर पडली आहे. (ही तपासणी अचूक असतेच असं नाही. २०१९ मध्ये बोखुमच्या संशोधकांनी २२ पैकी २१ डेस्कटॉप सॉफ्टवेअरना चकवून दाखवलं होतं.)

पण पासवर्डची कटकट नको म्हणून बरेच जण ई-आधार ‘प्रिंट टू पीडीएफ’ करून ठेवतात. तिथे नवी फाईल जन्मते. सहीचं चित्र राहतं, सही जाते. माझ्या मते घरोघरी होणारा सर्वांत मोठा घोटाळा हाच.

म्हणून मूळ फाईल तशीच ठेवा आणि शिक्का प्रतीवर मारा. तो सर्वांना दिसायलाच हवा असेल, तर ‘फ्लॅटन’ करून पानात मुरवा. मात्र सही असलेल्या फाईलवर हे करू नका, सही बाद होते. जोडपत्रं ईमेलला वेगळी लावा. पोटातच ठेवायची असतील, तर पहिल्या पानावर ‘सोबत २ फाईली’ असं ठळक लिहा. आणि ‘अप्रूव्ह्ड’ शिक्क्याने मुखत्यारपत्र सिद्ध होत नाही. त्यासाठी अजूनही खऱ्या कागदावर सही करून भारतीय वकिलातीचं साक्षांकन किंवा अपोस्टिल घ्यावं लागतं.