दुर्योधनाचे ‘मदर्थे’

श्रीमद्भगवद्गीतेचा पहिला अध्याय पुष्कळ वाचक प्रस्तावनेसारखा भरभर वाचून दुसऱ्याकडे वळतात. वास्तविक या अध्यायात एक लहानसा शब्द असा आहे की, त्यापाशी साधकाने थांबावे. 9 व्या श्लोकात दुर्योधन द्रोणाचार्यांना सांगतो की, आणखी कितीतरी शूर पुरुष ‘मदर्थे’, म्हणजे माझ्यासाठी, जिवावर उदार होऊन आले आहेत. 33 व्या श्लोकात त्याच रणभूमीकडे पाहून अर्जुन म्हणतो की, ज्यांच्यासाठी राज्य आणि सुखे हवीत, तेच प्राण व धन यांची आशा सोडून समोर उभे आहेत. दृश्य तेच, परंतु एकाला सारे लोक आपल्यासाठी आहेत असे दिसते, तर दुसऱ्याला आपले राज्य लोकांसाठी आहे असे दिसते.

दुर्योधन येथे खोटे बोलत नाही. त्याला मनापासून तसेच वाटते, आणि या वृत्तीचे खरे अवघडपण त्यातच आहे. लोभी मनुष्याला निदान आपण घेत आहोत हे कळते. याला तेही कळत नाही. उद्योगपर्वातील द्वारकेचा प्रसंग आठवावा. श्रीकृष्ण निजले होते. दुर्योधन आधी आला आणि उशाशी उत्तम आसनावर बसला. अर्जुन मागाहून आला आणि पायांशी हात जोडून उभा राहिला. भगवंतांना जाग येताच दुर्योधनाने हसतमुखाने सांगितले की, मी प्रथम आलो आहे आणि सज्जन प्रथम आलेल्याचाच पक्ष घेतात. तो प्रथम आला होता हे खरेच होते. अहंकाराला असा एखादा खरा आधार सापडला म्हणजे तो स्वतःला न्याय समजू लागतो.

असे दुर्योधन शोधण्यासाठी कुरुक्षेत्रावर जावे लागत नाही. कीर्तनाला उशिरा येऊन, बसलेल्यांचे गुडघे तुडवीत पुढल्या सतरंजीवर जाणारे गृहस्थ सर्वांच्या परिचयाचे आहेत. पंगतीत वाढणाऱ्याचा हात भाजला तरी ज्यांचे लक्ष केवळ आपल्या पानाकडे असते, तेही तसेच. त्यांच्यावर रागावणे सोपे आहे. पण जो गृहस्थ पहाटे गीतापाठाला बसतो, त्याच्याआधी उठून कोणी समई घासलेली असते, पाणी तापवलेले असते आणि पाठात व्यत्यय नको म्हणून रडते मूल मागील दारी नेलेले असते. त्या हातांची दखल त्याने कधी घेतली आहे काय? तिसऱ्या अध्यायात, मिळालेले परत न देता भोगणाऱ्याला भगवंतांनी चोर म्हटले आहे. तो शब्द कठोर आहे खरा. पण घरातील माणसे तो बोलून दाखवीत नाहीत, एवढ्यावरून तो आपल्याला लागू नाही असे कसे म्हणावे?

मग अशा माणसाशी वागावे कसे? द्वारकेत भगवंतांनी वाद घातला नाही. तू प्रथम आलास हे मान्य, पण दृष्टीस प्रथम अर्जुन पडला, म्हणून साह्य दोघांनाही. आणि धाकट्याने आधी निवडावे. अर्जुनाने निःशस्त्र कृष्ण निवडले. उरलेली एक अर्बुद गोपांची सेना घेऊन दुर्योधन अत्यंत आनंदाने परतला. खरे तेवढे मान्य झाले, अधिक काही नाही. पुढे शिष्टाईच्या वेळी हस्तिनापुरात त्याच दुर्योधनाने भोजनाला बोलावले, तेव्हा मात्र भगवंतांनी स्पष्ट नकार दिला. अन्न प्रेमाने घ्यावे किंवा आपत्तीत. येथे प्रेमही नाही आणि आपत्तीही नाही, असे सांगून ते विदुराघरी जेवले. सौम्यपणा म्हणजे शरणागती नव्हे, हे मुकाट्याने सोसणाऱ्या भाविकांनी विशेष ध्यानात घ्यावे.

गीता संपल्यावर लगेच भीष्मपर्वात एक प्रसंग येतो. त्याकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही. युधिष्ठिर कवच उतरवून, शस्त्रे ठेवून, पायी शत्रुसैन्यात शिरतो आणि भीष्मांचे पाय धरून युद्धाची अनुज्ञा मागतो. भीष्म प्रसन्न होऊन त्याला विजयाचा आशीर्वाद देतात आणि आपण कौरवांच्या अर्थाने बांधले गेलो आहोत, असे असहायपणे सांगतात. त्यानंतर द्रोण, कृप आणि शल्य हेही त्याला तेच सांगतात. दुर्योधनाने आपल्यासाठी म्हणून मोजलेल्या सेनेत हे चौघेही होते.